शैक्षणिक चित्रफितीचा स्टोरीबोर्ड : ‘चंद्राच्या कला’ या पाठघटकाच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

शैक्षणिक चित्रफीत ही आता अध्यापनातील नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था उभी राहिली आणि मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती होऊ लागली. ही संस्था २०१७ मध्ये बंद पडली. ‘दीक्षा’ आणि ‘स्वयम्’ हे दोन राष्ट्रीय मंच नेमके त्याच वर्षी सुरू झाले, हा योगायोग अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे २०२० च्या टाळेबंदीत प्रत्येक शिक्षकाच्या हाती भ्रमणध्वनीच्या रूपाने कॅमेरा आला. जे काम एका संस्थेतील प्रशिक्षित दिग्दर्शक, लेखक व संकलक मिळून करीत होते, ते आता एकटा शिक्षक आपल्या घराच्या खोलीत करू लागला.

या चित्रफितींचे मूल्यमापन होते, नाही असे नाही. आवाज स्पष्ट आहे काय, प्रकाश पुरेसा आहे काय, आशय अभ्यासक्रमाला धरून आहे काय, इत्यादी निकष ठरलेले असतात. मात्र ज्या कागदावर चित्रफितीचे भवितव्य ठरते, त्या स्टोरीबोर्डची चिकित्सा सहसा कोणी करीत नाही. प्रेक्षकाला तो दिसत नाही, परीक्षकाला तो बहुधा चित्रीकरण झाल्यानंतर परिशिष्ट म्हणून मिळतो आणि निर्मात्याला तो एक भरावयाचा तक्ता वाटतो. प्रस्तुत लेखात या तक्त्याकडेच एक संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणासाठी ‘चंद्राच्या कला’ हा शालेय विज्ञानातील पाठघटक घेतला आहे. हा घटक वरवर सोपा असून प्रत्यक्षात अतिशय फसवा आहे, हे त्याच्या निवडीचे कारण.

स्टोरीबोर्ड म्हणजे काय, आणि काय नव्हे

स्टोरीबोर्डचा उगम सामान्यतः १९३० च्या दशकाच्या प्रारंभी वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत सांगितला जातो. ‘थ्री लिटल पिग्ज’ (१९३३) हा संपूर्ण स्टोरीबोर्डवरून साकारलेला आरंभीचा लघुपट मानला जातो. तेथील पद्धत साधी होती. प्रत्येक प्रसंगाचे रेखाटन सुट्या कागदावर करावयाचे आणि ते कागद क्रमाने भिंतीवरील फळ्यावर टाचणीने लावावयाचे. येथे टाचणीला महत्त्व आहे. टाचणीने लावलेला कागद काढता येतो, दुसरीकडे लावता येतो, फेकूनही देता येतो. सर्व कागद एका नजरेत दिसत असल्यामुळे कोठे कथा रेंगाळते आणि कोठे उडी मारते, हे चार माणसांना एकाच वेळी कळते.

भारतीय चित्रपटात याचे ठळक उदाहरण सत्यजित राय यांचे आहे. ‘पथेर पांचाली’ (१९५५) साठी त्यांच्याकडे रूढ अर्थाची पूर्ण पटकथा नव्हती. होती ती टिपणे आणि शाईने केलेली रेखाटने. चित्रपट प्रथम डोळ्यांनी योजला गेला.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ठाकर समाजातील कलावंत सुट्या चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र दाखवीत रामायण-महाभारतातील कथा गातात. चित्रांची क्रमवार मांडणी आणि सोबत निवेदन एवढ्या साम्यावरून चित्रकथी म्हणजे आपला देशी स्टोरीबोर्ड, असे विधान काही वेळा उत्साहाने केले जाते. ते मान्य करता येत नाही. चित्रकथीचे चित्र प्रेक्षकासाठी असते, तर स्टोरीबोर्डचे चित्र निर्मात्यांसाठी असून काम संपताच त्याचे प्रयोजन संपते. तरीही चित्रकथी एका बाबतीत आपली शिक्षक ठरू शकते. गायक जे शब्दांत सांगतो ते सर्व चित्रात नसते आणि चित्रात जे आहे ते सर्व तो सांगत बसत नाही. दोघांनी काम वाटून घेतलेले असते. आपल्या शैक्षणिक चित्रफितींत नेमके हेच वाटप हरवले आहे.

एक नमुना

काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत शिक्षकांनी तयार केलेले स्टोरीबोर्ड तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्यांतील ‘चंद्राच्या कला’ या विषयावरील तक्ता सर्वांत नीटनेटका होता, आणि म्हणूनच तो येथे विचारात घेतला आहे. डावीकडे ‘दृश्य’, उजवीकडे ‘ध्वनी’, मध्ये सेकंदांचा रकाना. ध्वनीच्या रकान्यात पाठ्यपुस्तकाच्या वळणाचे सलग निवेदन होते. दृश्याच्या रकान्यात अनुक्रमे ‘शिक्षक बोलताना’, ‘चंद्राचे छायाचित्र’, ‘आठ स्थितींची आकृती, चंद्र फिरताना’, ‘वरील वाक्ये पडद्यावर’ आणि ‘पुन्हा शिक्षक’ अशा नोंदी होत्या. एकही रेखाटन नव्हते.

हा तक्ता वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की उजवा रकाना आधी लिहिला गेला आणि डावा नंतर भरला गेला. दृश्य हे निवेदनाच्या मागे फरफटत जाते. डावा रकाना संपूर्ण पुसून टाकला तरी पाठ बिघडत नाही. मग तो ध्वनिफितीवर का देऊ नये, हा प्रश्न उरतोच. शिक्षकाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्याला मिळालेला नमुनाच तसा होता, आणि संगणकावरील तक्त्यात चित्र काढण्यापेक्षा वाक्य लिहिणे सोपे असते. साधनाच्या सोयीने विचाराचे वळण ठरते ते असे.

खरी अडचण तिसऱ्या नोंदीत आहे. ‘आठ स्थितींची आकृती, चंद्र फिरताना’ ही एक ओळ लिहिण्यास पाच सेकंद लागतात. तिचे रेखाटन करावयास बसले, तर किमान चार निर्णय घ्यावे लागतात, आणि विषयाचे सगळे मर्म त्या निर्णयांत आहे.

चार निर्णय

पहिला निर्णय पाहणाऱ्याच्या जागेचा. पुस्तकातील आकृतीत पृथ्वी मध्यभागी असते, भोवती आठ चंद्र असतात आणि प्रत्येक चंद्राची सूर्याकडील बाजू उजळलेली असते. ही आकृती पृथ्वीच्या उत्तर ध्रुवाच्या वर, अवकाशात उभे राहून पाहिलेली आहे. तिच्या शेजारी दुसऱ्या वर्तुळात कोर, अर्धचंद्र, पौर्णिमा ही रूपे असतात. ती पृथ्वीवरून पाहिलेली आहेत. छापील पानावर दोन्ही वर्तुळे शेजारी बसतात. चित्रफितीत मात्र या दोन स्वतंत्र कॅमेऱ्याच्या जागा आहेत आणि एकीतून दुसरीत मुलाला न्यावे कसे, हे कोणीतरी ठरवले पाहिजे. ते न ठरवता आकृती फिरवली, तर वरून सर्व चंद्र अर्धेच उजळलेले दिसतात आणि मुलाला प्रश्न पडतो की मग कला कोठे आहेत! कॅमेरा अवकाशातून हळूहळू खाली उतरत पृथ्वीवर उभ्या असलेल्या एका मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो, अशा तीन चौकटी काढल्या की हा पेच सुटतो. काड्यांच्या आकृत्या काढूनही हे साधते.

दुसरा निर्णय काळाचा. चंद्राच्या कलांचे आवर्तन सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे. तक्त्यात त्याला बारा सेकंद दिले होते, म्हणजे एका सेकंदात जवळजवळ अडीच दिवस. तेवढ्या काळात पृथ्वी स्वतःभोवती सुमारे तीस वेळा फिरायला हवी, परंतु अशा आकृतीत ती बहुधा स्तब्ध असते किंवा मनास येईल तशी फिरते. त्यामुळे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा का उगवतो, हे त्या दृश्यातून कधीच कळू शकत नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली, तेव्हा रोज ठरावीक चौकट घेत महिन्याभराची वाढ एक-दीड मिनिटात बसवली. भारतातील शैक्षणिक चित्रफितीचा इतिहास लिहावयाचा झाला तर तो तेथून सुरू करावा लागेल. काळ किती आवळायचा हा त्या छोट्या फितीतील मुख्य निर्णय होता आणि तो कॅमेरा लावण्यापूर्वीच घेणे भाग होते.

तिसरा निर्णय प्रमाणाचा, आणि हा सर्वांत कठीण आहे. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा सुमारे ३,४७४ किलोमीटर आणि दोहोंमधील सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर. म्हणजे मध्ये तीस पृथ्व्या बसतील एवढे. भ्रमणध्वनीचा पडदा आडवा धरला आणि त्याची लांबी पंधरा सेंटिमीटर मानली, तर पृथ्वी अर्ध्या सेंटिमीटरची आणि चंद्र दीड मिलिमीटरहूनही लहान काढावा लागेल. त्यावर कला दाखवणे अशक्य. तेव्हा प्रमाण मोडावेच लागते. पण ते गुपचूप मोडले, की मुलाच्या मनात चंद्र पृथ्वीला खेटून फिरू लागतो आणि त्याला वाटते की पृथ्वीची सावली त्याच्यावर पडतच असणार. खरे प्रमाण एका चौकटीत दाखवून, ‘आता आपण चंद्र जवळ ओढून घेत आहोत’ असे सांगून मग मोठी आकृती आणली, तर प्रमाण मोडण्याची कृती स्वतःच पाठाचा भाग होते.

चौथा निर्णय निवेदकाच्या मौनाचा. रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम-अध्ययनावरील संशोधनातून असे दिसून आले आहे की, चित्र आणि बोललेले शब्द एकत्र असताना तेच शब्द पडद्यावर छापल्यास शिकणाऱ्याला मदत होण्याऐवजी बहुधा अडथळाच होतो. डोळे वाचण्यात गुंततात आणि चित्र पाहावयाचे राहते. ‘वरील वाक्ये पडद्यावर’ ही नोंद त्या दृष्टीने हानिकारकच म्हणावी लागेल. (श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांसाठी उपशीर्षके हा वेगळा मुद्दा असून ती चालू-बंद करण्याची सोय हवीच.) आपल्या तक्त्यात ध्वनीचा रकाना कोठेही रिकामा नसतो. शिक्षक गप्प बसला म्हणजे तास वाया गेला, या वर्गातील समजुतीचेच ते रूप आहे. ज्या स्टोरीबोर्डमध्ये एकही मूक चौकट नाही, तो लिहिणाऱ्याने आपल्या चित्रांवर विश्वास ठेवलेला नाही, असे खुशाल समजावे.

मूल कोरी पाटी घेऊन येत नाही

आतापर्यंतची चर्चा तंत्राची वाटण्याचा संभव आहे. परंतु यामागे एक गंभीर प्रश्न आहे. १९८७ मध्ये ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ हा शैक्षणिक माहितीपट तयार झाला. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी विद्यार्थी, प्राध्यापक व माजी विद्यार्थी अशा २३ जणांना ऋतू कसे होतात किंवा चंद्राच्या कला कशामुळे दिसतात, असे विचारण्यात आले. २१ जणांना बरोबर उत्तर देता आले नाही. कलांच्या बाबतीत पृथ्वीची सावली हे उत्तर जगभर आढळते आणि आपल्याकडील वर्गांतही ते सर्रास ऐकू येते. ते उत्तर मूर्खपणाचे नाही. ग्रहणात सावली असतेच. मुलाने एका खऱ्या कारणाचा दुसऱ्या ठिकाणी उपयोग केलेला असतो.

डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात पूर्ण केलेल्या प्रबंधातील निष्कर्ष येथे फार महत्त्वाचा आहे. भौतिकशास्त्रातील संकल्पना नुसती स्वच्छ, सरळ समजावून सांगणारी चित्रफीत विद्यार्थ्यांना आवडली, सोपी वाटली, पण त्यांची उत्तरे फारशी सुधारली नाहीत. उलट ज्या फितींत चुकीची समजूत मोठ्याने मांडून तिच्याशी वाद घातला होता, त्या गोंधळात टाकणाऱ्या वाटल्या, तरीही त्यांतून शिकणे अधिक झाले. कारण पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याला आपल्याला हे आधीच ठाऊक आहे असे वाटते आणि तो आपली जुनी समजूत अधिक आत्मविश्वासाने घेऊन परततो. नीटनेटका तक्ता आणि त्यावरून बनलेली नीटनेटकी चित्रफीत निरुपद्रवी असते, हा आपला समज यामुळे डळमळतो.

म्हणून स्टोरीबोर्डला तिसरा रकाना हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे: या क्षणी पाहणाऱ्याच्या मनात काय आहे? हा रकाना भरताना शिक्षकाला कॅमेऱ्यापेक्षा वर्ग आठवावा लागतो, आणि त्याबाबतीत कोणताही व्यावसायिक दिग्दर्शक त्याची बरोबरी करू शकणार नाही.

संकष्टीचा चंद्र

हा रकाना लिहू लागल्यास ‘चंद्राच्या कला’चा आरंभ अवकाशातून करण्याचे कारण उरत नाही. महाराष्ट्रातील असंख्य घरांत दर महिन्याला एकदा चंद्राची वाट पाहिली जाते. संकष्टी चतुर्थीला आजी उपास सोडण्यासाठी थांबलेली असते, भिंतीवरील दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि भुकेलेले नातवंड गच्चीवर जाऊन ‘उगवला का’ ते पाहून येते. पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवणारा चंद्र चार दिवसांत एवढा उशीर का करू लागला? हा प्रश्न त्या मुलाचा स्वतःचा आहे. तो पुस्तकाने त्याच्यावर लादलेला नाही. पहिली चौकट म्हणून दिनदर्शिकेवर ठेवलेले आजीचे बोट पुरेसे आहे. निवेदनाची गरज नाही.

दुसऱ्या चौकटीत पूर्वेला नुकताच वर आलेला, वरची कड झिजलेला चंद्र. येथे नातवंडाच्या तोंडी ती समजूत स्पष्टपणे यावी: ‘पृथ्वीची सावली पडलीय.’ तिसऱ्या रकान्यात शिक्षकाने लिहावे की पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे पटलेले असेल, आणि चित्रफीत येथे काही क्षण थांबावी. दूरदर्शनच्या काळात कार्यक्रम एकदाच दिसत असे, थांबवता येत नसे. आज विराम ही पाहणाऱ्याच्या हातातील सोय आहे, तर ती योजनेत का नसावी?

तिसरी चौकट या पाठाचा कणा ठरू शकते. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते. कृष्ण चतुर्थीला चंद्र त्या विरुद्ध बिंदूच्या ३६ ते ४८ अंश पूर्वेला सरकलेला असतो. म्हणजे संकष्टीचा चंद्र क्षितिजावर येतो तेव्हा पृथ्वीची सावली त्याच्या वर, सुमारे चाळीस अंशांवर आकाशात केव्हाच चढलेली असते. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. तेव्हा चंद्रापासून वर चार मुठी मोजाव्या. सावली तेथे आहे. शिवाय चंद्राच्या अंतरावर तिचा गडद भाग एवढा लहान, की लांब धरलेल्या अंगठ्याआड तो झाकला जाईल. आजीच्या शेजारी उभे राहून मूल चार मुठी मोजते आणि अंगठा पुढे करते, ही चौकट मूक असावी. सावलीची समजूत तेथे कोसळते, आणि ती मुलाच्या हातानेच कोसळते.

आता नवे कारण देण्याची वेळ. यासाठीही अवकाशातील चलच्चित्रापूर्वी एक साधे दृश्य आहे. कृष्ण अष्टमीच्या सुमारास सकाळी शाळा भरण्याच्या वेळी अर्धा चंद्र पश्चिमेकडील आकाशात दिसत असतो आणि पूर्वेला सूर्य असतो. मैदानावर उभे राहून उन्हात एक पांढरा चेंडू चंद्राच्या दिशेने धरला, तर चेंडूही तसाच अर्धा उजळलेला दिसतो, त्याच बाजूने. चेंडू आणि चंद्र एकाच चौकटीत शेजारी शेजारी. या एका चित्रासाठी दृश्याच्या रकान्यात कॅमेऱ्याची उंची, सूर्याची बाजू आणि चित्रीकरणाची तिथी लिहावी लागते. ‘चंद्राचे छायाचित्र’ एवढे लिहून भागत नाही. अंतराळातली आकृती त्यानंतर यावी. तोपर्यंत मुलाला तिची गरज निर्माण झालेली असते.

काही आक्षेप

या मांडणीवर व्यवहाराचे आक्षेप येतील. शिक्षकाला चित्रकला येत नाही, हा पहिला. काड्यांची माणसे आणि गोलाकार चंद्र काढण्यास चित्रकला लागत नाही. कोणी कोठे उभे आहे एवढे कळले तरी पुरे. वेळ जातो, हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. अशा पद्धतीने सहा मिनिटांच्या फितीसाठी तीन-चार संध्याकाळी सहज जातात आणि वर्षाकाठी ठरावीक संख्येने चित्रफिती सादर करण्याची सक्ती असलेल्या शिक्षकाला ते परवडत नाही. याचे उत्तर शिक्षकाकडे नाही. संख्येवर मूल्यमापन करणाऱ्या व्यवस्थेने ते द्यावयाचे आहे. विजया मुळे यांच्या संकल्पनेतून १९७४ मध्ये आलेला ‘एक अनेक और एकता’ हा काही मिनिटांचा चलच्चित्रपट पन्नास वर्षांनंतरही लोकांच्या स्मरणात आहे. त्यात एक आणि अनेक हा भेद पक्ष्यांच्या जाळ्यासह उडण्यातून दिसतो, व्याख्येतून नव्हे.

तिसरा आक्षेप असा, की संकष्टीसारखा धार्मिक संदर्भ सर्व मुलांना लागू पडणार नाही. तो ग्राह्य आहे. जेथे वर्गाची घडण वेगळी असेल तेथे ईदच्या चंद्रकोरीची वाट पाहणारे कुटुंब घेता येईल. ती कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला, सूर्याच्या जवळ दिसते आणि तेथे पृथ्वीची सावली जवळजवळ पाठीमागे असते. उदाहरण बदलले की मुठींचा हिशेब बदलतो आणि स्टोरीबोर्डही पुन्हा टाचावा लागतो. सुटे कागद त्यासाठीच हवेत.

अखेरची चौकट कोणती असावी, याविषयी वरील कार्यशाळेत बराच वाद झाला होता. तक्त्यात तेथे ‘धन्यवाद’ ही पाटी होती. त्याऐवजी पुढील संकष्टीची तारीख व चंद्रोदयाची वेळ दाखवावी आणि चार मुठी मोजून येण्यास सांगावे, अशी सूचना पुढे आली. त्यावर एका ज्येष्ठ शिक्षिकेने विचारले, ‘आषाढ-श्रावणात ढगांमागे चंद्र दिसलाच नाही, तर मुले काय मोजतील?’ ती सूचना मग तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवण्यात आली, आणि चित्रफीत दाखविण्याचा महिना कार्तिक ठरला.